लेहच्या विमानात संसार किती बसतो: सामानवाहतूक आणि भाड्याच्या तंबूचे परीक्षण

गेल्या ऑगस्टमध्ये मी, दादा आणि वहिनी असे तिघे पुण्याहून दिल्लीमार्गे विमानाने लेहला गेलो आणि तिथून मारखा खोऱ्यात सहा रात्री तंबूत राहिलो. सह्याद्रीत भटकताना सामानाचा प्रश्न फारसा पडत नाही. जीपच्या मागे सॅका टाकल्या की काम झाले. विमानात मात्र किलोकिलोचा हिशेब द्यावा लागतो, आणि तंबूत राहायला निघालेल्या माणसाजवळ नेमक्या त्याच वस्तू असतात ज्या विमानाला नको असतात: जड, टोकदार आणि पेट घेणाऱ्या. त्यामुळे हे परीक्षण दोन सेवांचे आहे, एक सामान नेणाऱ्या विमान कंपनीचे आणि दुसरे लेहमध्ये तंबू भाड्याने देणाऱ्या दुकानाचे. नावे मुद्दाम देत नाही, कारण हंगाम पालटला की दुकानातला तंबूही बदलतो आणि काउंटरवरचा माणूसही. गुण मात्र आधीच सांगून टाकतो: कंपनीला पाचपैकी अडीच, दुकानाला चार.

देशांतर्गत विमानात साधारणपणे माणशी 15 किलो सामान पोटात टाकता येते आणि 7 किलो हातात नेता येते. म्हणजे तिघांचे मिळून 45 किलो. निघण्याच्या आदल्या शनिवारी आम्ही सगळे सामान दिवाणखान्यात मांडले आणि रद्दीवाल्याच्या ताणकाट्याचा जो बॅटरीवर चालणारा धाकटा भाऊ हल्ली बाजारात मिळतो, त्याला एकेक पुडके लटकावून वजन केले. बेरीज 61 किलो झाली. तिघांचा घरचा तंबू एकटाच 6 किलोचा निघाला. तो राजमाचीच्या पावसात उत्तम टिकतो, पण तो शिवणाऱ्याने विमानाचा विचार केलेला नव्हता. तांदूळ, डाळ, पोहे, साखर असा 8 किलो शिधा लेहमध्ये घ्यायचे ठरले. बूट आणि जाड जॅकेटे अंगावरच घालून निघालो, त्यात आणखी 5 किलो वाचले. तरीही 48 उरलेच. तेव्हा तंबू बाहेर काढला आणि आकडा 42 वर आला.

जास्तीच्या सामानाचे पैसे भरण्याचा पर्याय होता, पण किलोमागे काहीशे रुपये, तेही जाताना आणि येताना असे दोनदा भरण्यापेक्षा तंबूचे भाडे स्वस्त पडते, हा हिशेब दादाने पाकिटाच्या मागेच करून दाखवला. भरायचेच असतील तर ते आधी ऑनलाइन भरावेत. ऐनवेळी काउंटरवर दर चढा लागतो. आणखी एक गोष्ट तिकीट काढतानाच पाहावी, ती म्हणजे नगांची. काही कंपन्या माणशी एकच नग मोफत धरतात, त्यामुळे वजन मर्यादेत असूनही मॅटची वेगळी गुंडाळी केली तर ती दुसरा नग ठरते. आमच्या मॅट सॅकेच्या आतून, भिंतीला अस्तर लावावे तशा गोल उभ्या राहिल्या आणि वाद मिटला.

सॅक ही वस्तू पाठीसाठी बनवलेली असते, सरकत्या पट्ट्यासाठी नव्हे. तिचे लोंबणारे पट्टे कुठेतरी अडकतात आणि कंबरेचे बकल तुटते, हे आम्ही आधीच्या एका प्रवासात भोगले होते. म्हणून वहिनीने प्रत्येक सॅक तांदळाच्या नायलॉन पोत्यात घालून दाभण आणि सुतळीने तोंड शिवून टाकले. विकतच्या आवरणापेक्षा हे पोते दणकट असते, आणि त्यावर मार्करने मोठे नाव लिहिता येते. त्यात एक उणीव आहे, ती लगेचच कळली.

पुण्याच्या विमानतळावर सामान आत गेल्यावर दहा मिनिटांत वहिनीच्या नावाचा पुकारा झाला. तपासणीच्या खोलीत तिचे पोते टेबलावर होते आणि पलीकडचा तरुण कर्मचारी पडद्याकडे बोट दाखवत विचारत होता, “मॅडम, यात सुकं खोबरं आहे का?” होते. लसणाची चटणी ताजी वाटता यावी म्हणून तिने चार वाट्या ठेवल्या होत्या. सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण मोठे असते आणि दाटीवाटीत ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत मोडते. गॅसचा डबा न्यायचा नाही हे पाठ असलेल्या आम्हा तिघांना खोबऱ्याचा हा लौकिक ठाऊक नव्हता. कर्मचारी अत्यंत सौजन्याने वागला, हे नोंदवायला हवे. त्याने कात्रीने टाके कापले, वाट्या काढून घेतल्या आणि सॅक परत भरायला स्वतः हात लावला. पोते पुन्हा शिवायचे तर दाभण त्याच सॅकेच्या तळाशी गेलेले, त्यामुळे शेवटी सुतळीने नुसतीच मोळी बांधली. तयार चटणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांना कुणी हरकत घेतली नाही. लोणचे पोटातल्या सामानात होते म्हणून वाचले. हातातल्या सामानात मिरचीचे लोणचे चालत नाही.

बाकीचे नियम थोडक्यात सांगतो. गॅसचा डबा, भरलेला असो वा अर्धा, ना हातात चालतो ना पोटात. डब्यावर बसवायचा नुसता बर्नर पोटातल्या सामानात चालतो, पण तो धुऊन पुसून न्यावा. रॉकेल किंवा पेट्रोलवरचा स्टोव्ह असेल आणि त्याला वास येत असेल, तर तो अडवला जाण्याची तयारी ठेवावी. लायटर आणि काडेपेटी दोन्हीकडे वर्ज्य आहेत. चाकू, तंबूच्या खुंट्या आणि चालायच्या काठ्या पोटात जातात. पॉवर बँक आणि हेडटॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र उलट, हातातच न्याव्या लागतात. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॉट-अवरची भरते आणि 100च्या आत असल्याने तिला वेगळी परवानगी लागत नाही.

पुणे ते लेह एकाच तिकिटावर घ्यावे, म्हणजे सामानाला लेहपर्यंतची चिठ्ठी लागते. तिकिटे सुटी काढली तर दिल्लीला सामान उतरवून पुन्हा द्यावे लागते आणि कधी टर्मिनलही बदलावे लागते. लेहची विमाने बहुतेक सकाळचीच असतात. विमानतळ 3,200 मीटरहून अधिक उंचीवर आहे, हवा विरळ आहे, आणि दिवस चढला की ती तापून आणखी विरळ होते आणि वाराही सुटतो. याचा सामानाशी काय संबंध, ते परतताना कळले.

लेहला उतरल्यावर किमान दोन दिवस विश्रांती घ्यावी असे प्रत्येक डॉक्टर सांगतो आणि ते ऐकावे. शहर सुमारे 3,500 मीटरवर आहे. पहिल्या दिवशी आम्ही गेस्ट हाउसच्या जिन्यावरही थांबत थांबत चढलो. भाड्याचे सामान निवडण्यात वेळ वाया जातो, अशी तक्रार मी ऐकली आहे, पण लेहमध्ये ती लागू नाही, कारण हे दोन दिवस तसेही सक्तीचे असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी फोर्ट रोड आणि चांगस्पाच्या गल्लीतून रमतगमत फिरणे हे विश्रांतीतच धरावे.

पहिल्या दुकानातला तंबू देखणा होता, पण दुकानदार तो पिशवीतून बाहेर काढू देईना. “नया है, देखना क्या,” एवढेच त्याचे उत्तर. शिवाय त्याला अनामत म्हणून आधार कार्डाची मूळ प्रत हवी होती. ज्या प्रदेशात ओळखपत्र वारंवार दाखवावे लागते, तिथे ते सात दिवस दुकानात सोडणे शहाणपणाचे नाही. आम्ही निघालो.

दुसरे दुकान एक वयस्क लडाखी गृहस्थ चालवत होते. आम्ही “जुले” असा लडाखी नमस्कार करताच त्यांनी आधी बसायला सांगितले, कारण दादाचा श्वास अजून लागलेला होता, आणि मग कुठे, किती दिवस, घोडा ठरवला आहे का, हे विचारले. निमालिंगच्या उंचावरच्या मुक्कामाला जाणार म्हटल्यावर त्यांनी पुढे ठेवलेला हलका तंबू उचलून आत नेला आणि दुसरा आणला. तो 4 किलोचा, दुहेरी कापडाचा, बाहेरचे आवरण जमिनीपर्यंत येणारा होता. मागच्या अंगणात तो उभा करून पाहायला त्यांनीच सांगितले. भाड्याचा तंबू घेणाऱ्याने हे केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काड्यांचे तुकडे एकमेकांत बसवताना एका काडीतली लवचीक दोरी सैल पडलेली दिसली. ती ओढली की परत जात नव्हती. दारापाशी चेनचे दात एका जागी उसवत होते. खुंट्या चौदा हव्यात, त्या नऊ होत्या, आणि त्यांतल्या दोन वाकलेल्या. हे सगळे दाखवल्यावर त्यांनी काडी बदलून दिली, चेनच्या सरक्याला पकडीने हलकेच दाबून ती सुरळीत केली आणि खुंट्यांबद्दल हसून म्हणाले की तिथे जमिनीत खुंटी जातच नाही, दोरी जास्त न्या आणि दगडाला बांधा. ताणदोऱ्यांचे दोन जादा गुंडाळे त्यांनी फुकट दिले.

भाडे दिवसाला 300 रुपये ठरले, सात दिवसांचे 2,100. अनामत रोख 4,000, त्याची पावती हाताने लिहून दिली, आणि तंबूवर आधीपासून असलेली दोन ठिगळे वहिनीच्या आग्रहाने त्या पावतीवर नोंदवली गेली. स्लीपिंग बॅगाही तिथे होत्या, पण त्या आम्ही घरच्याच नेल्या होत्या. अंगाला लागते ते आपले असावे, आणि डोक्यावर येते ते भाड्याचे चालते, असे माझे मत आहे. भाड्याची स्लीपिंग बॅग घ्यायचीच असेल तर ती नाकाशी धरून पाहावी आणि उजेडासमोर धरून आतला कापूस एका बाजूला गोळा झाला आहे का ते पाहावे.

गॅसचे डबे त्याच दुकानात घेतले. वापरलेला डबा नवा म्हणून गळ्यात पडू शकतो, म्हणून आमचा वजनकाटा इथे दुसऱ्यांदा कामी आला. 230 ग्रॅम गॅसचा स्क्रूचा डबा लोखंडासकट साधारण 380 ग्रॅम भरतो. आम्ही पिशवीत घालून चार डबे लटकावले. तीन नीट निघाले, चौथा 310 भरला. दुकानदाराने तो निमूटपणे बाजूला ठेवला आणि दुसरा दिला. डब्यावर नुसते ब्युटेन लिहिले आहे की त्यात प्रोपेनही आहे, हेही वाचावे. ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या जरासाच खाली आहे, त्यामुळे थंडीत ज्योत मलूल होते. प्रोपेनचा उणे 42 आहे. न उघडलेला डबा परत केल्यास पैसे परत, असेही त्यांनी आपणहून सांगितले. हे महत्त्वाचे, कारण उरलेला डबा विमानाने परत नेता येत नाही.

तंबूने कसोटी दिली ती निमालिंगला, सुमारे 4,700 मीटरवर. संध्याकाळी कांग यात्से शिखराच्या बाजूने जो वारा सुटला, त्यात आवरण रात्रभर शिडासारखे फडफडत होते. खुंट्या खरोखरच बोटभरसुद्धा गेल्या नाहीत. प्रत्येक दोरीला कलिंगडाएवढा दगड बांधला आणि तंबू जागचा हलला नाही. पहाटे आतल्या कापडावर श्वासाचे दव गोठून पांढरा पापुद्रा धरला होता, तो बसताउठताना मानेवर पडे. दार वरून चार बोटे उघडे ठेवायला हवे होते, ही चूक तंबूची नाही. डाळ शिजायला तिथे फार वेळ लागतो, कारण त्या उंचीवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळते. चारपैकी तीन डबे संपले. डाळ रात्री भिजत घातली असती तर दोनांत भागले असते. सुमारे 5,200 मीटरची कोंगमारू खिंड उतरून आम्ही सातव्या दिवशी लेहला आलो.

तंबू परत देताना त्यांनी तो उघडून वाळत टाकला, ठिगळे पावतीशी ताडून पाहिली, अनामत पूर्ण दिली आणि न उघडलेल्या डब्याचे पैसेही मोजून दिले. एक गुण कापला तो अशासाठी की या गोष्टी आम्ही पाहिल्या म्हणून सापडल्या. तंबू पुढे ठेवण्याआधी त्या त्यांनी स्वतः पाहायला हव्या होत्या.

विमान कंपनीचे गुण परतीत गेले. चटणी, मेतकूट, लोणचे संपल्याने आमच्या सामानाचे वजन घटले होते, वर तीन किलो जर्दाळू घेऊनही आम्ही मर्यादेत होतो. विमान उशिरा, ऊन चढल्यावर सुटले. विरळ आणि तापलेल्या हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणून लेहहून उडताना विमानाला वजन कमी करावे लागते; प्रवासी उतरवता येत नाहीत तेव्हा सामान मागे ठेवतात. यात कुणाचा दोष नाही. दोष हा की हे आम्हाला लेहला कुणी सांगितले नाही, दिल्लीलाही नाही. पुण्यात पट्टा रिकामा फिरत राहिला, आमची तीनपैकी दोनच पोती आली, आणि काउंटरवरच्या माणसाने अर्ध्या तासाने संगणकात पाहून सांगितले की तिसरे लेहलाच आहे. लेखी तक्रार क्रमांक मागितल्यावरच मिळाला. औषधे आणि चाव्या वहिनीने हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या, म्हणून त्या रात्री घरात शिरता आले.

पोते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले. टाके शाबूत होते. या वेळी ते दाभणाने नीट घातलेले होते. फक्त कुणीतरी कोपऱ्याला बोटभर भोक पाडून आत काय आहे ते पाहिले होते, आणि त्यातून जर्दाळूचा रस सुतळीपर्यंत उतरला होता.