पाव इंची जाळी, सात महिने आणि फिंचच्या पिंजऱ्यातले उंदीर

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, परसातल्या पिंजऱ्याची सगळी जाळी बदलून घेतली. आता डिसेंबर चालू आहे. अख्खा पावसाळा आणि भातकापणीनंतरचे दिवस काढून झाले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

घर गोव्यात डिचोलीला, मागे शेत. पिंजरा १० बाय ६ फुटांचा, खाली चिऱ्यांचे जोते, वर अर्ध्या भागाला मंगळूरी कौले. आत १४ झेब्रा फिंच आणि बंगाली फिंचच्या दोन जोड्या, दाणे खाणारे छोटे पक्षी. (शेतातल्या मुनिया नव्हेत. त्या पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.)

पहिली जाळी अर्ध्या इंचाची होती. दुकानदार म्हणाला होता, "वहिनी, यातून पालसुद्धा जाणार नाही." पाल गेली, आणि तिच्या मागोमाग उंदीरही गेला. छोट्या उंदराला जेमतेम पेन्सिल जाईल एवढी, ६ मिलिमीटरच्या आसपासची फट पुरते. डोके आत गेले की अंग ओढून घेतो. अर्धा इंच म्हणजे त्याच्या दुप्पट, त्याच्यासाठी महाद्वारच.

दाणे किती खाल्ले याचे मला दुःख नव्हते. रात्री उंदीर घरट्यांवरून धावला की फिंच काळोखात उधळतात, जाळीवर आपटतात, आणि अंडी सोडून उडालेली जोडी उजाडेपर्यंत घरट्यात परतत नाही. गेल्या वर्षी नोव्हेंबरात तीन घरट्यांतली अंडी अशी थंड पडली. त्यात उंदरांच्या वासावर एकदा धामण जोत्यापर्यंत आली. धामण बिनविषारी खरी, पण पिंजऱ्याशी तिची गाठ नको.

त्या काळात पैसे कुठे घालवले तेही सांगते. प्लगमध्ये लावायचे 'न ऐकू येणाऱ्या आवाजाचे' यंत्र चार दिवस चालले असे वाटले, पाचव्या दिवशी त्याच्याच डोक्यावर लेंड्या. डांबरगोळ्या पक्ष्यांजवळ ठेवूच नका, तो वाफारा त्यांच्या फुप्फुसांना घातक. चिकट पुठ्ठ्यावर उद्या फिंचच चिकटेल. विष मी घरात आणलेच नाही. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. सुस्त होऊन फिरतो आणि घुबडाच्या नाहीतर मांजराच्या तोंडी जातो. आमच्या आंब्यावर घुबड आहे, फुकटचा राखणदार, त्याला कशाला मारू?

जिवंत धरणारा सापळा मात्र बरा निघाला. भाजलेले खोबरे लावायचे. सुका जवळा लावला तर उंदराऐवजी चिचुंद्री सापडते आणि पहाटेपर्यंत चिरकत बसते. सापळा पिंजऱ्याबाहेर, भिंतीलगत, सावलीत ठेवा आणि सकाळी न चुकता बघा. पण तीन आठवड्यांत नऊ उंदीर धरले तरी दहावा हजरच. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, त्यांच्याशी शर्यत कोण लावणार?

सासूबाई हे सगळे व्हरांड्यातून बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "उंदीर दाण्याखातीर येता गो, सवण्यांखातीर न्हय." (उंदीर दाण्यासाठी येतो, पक्ष्यांसाठी नाही.) तिथे माझी ट्यूब पेटली. त्याच संध्याकाळपासून राळ्याची ताटली रात्री आत ठेवणे बंद. फिंच काळोख पडला की खात नाहीतच. दिवसा ताटली तारेला टांगलेली, खाली सांडलेले झेलायला रुंद परात. सूर्यास्ताला दोन्ही घरात, दाण्याचा साठा पत्र्याच्या डब्यात. फुकटचा उपाय, आणि निम्मा फरक यानेच पडला.

उरलेला निम्मा जाळीचा. पाव इंची वेल्डेड जाळी, वेल्डिंगनंतर जस्त चढवलेली. भाव जवळपास दुप्पट पडला. लावण्याआधी माडाच्या व्हिनेगरने ब्रश मारून धुतली, कारण नव्या जाळीवरचे सुटे जस्त चोचीतून पोटात गेले तर पक्ष्याला बाधते. खाली फूटभर जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवली, घुशीसाठी. चिऱ्यांमधल्या फटी काचेचा चुरा घातलेल्या सिमेंटने बुजवल्या.

तक्रारी आहेत. आत अंधारल्यासारखे होते, वारा कमी खेळतो. जुलैत जाळीवर शेवाळ धरले, दर पंधरा दिवसांनी घासावे लागले. कापलेल्या कडांना गंज दिसू लागला आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी सरळ स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. आणि ऑगस्टात माझी चूक नडली: पावसाने दाराची लाकडी चौकट फुगली, दार नीट बसेना, खाली बोटभर फट राहिली. तिसऱ्या रात्री उंदीर आत. आता दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी ठोकली आहे. जाळी बघताना दार बघा, आधी दारच बघा.

लेंड्या झाडूने कोरड्या झाडू नका, धूळ उडते. पक्षी दुसरीकडे हलवून ब्लीचच्या पाण्याने भिजवायच्या, हातमोजे घालून पुसायच्या, जागा वाळली की पक्षी परत. पावसात लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती असते, तेव्हा पाय उघडे ठेवू नका.

भातकापणी झाल्यावर यंदा जोत्याच्या बाहेर लेंड्या दिसल्या, आत एकही नाही. सध्या दोन घरट्यांत पिल्ले आहेत, भूक लागली की किचकिच करतात. सापळा अजून भिंतीलगत आहे. गेल्या आठवड्यात त्यात फक्त चिचुंद्री सापडली, आणि खोबऱ्यालासुद्धा येते हे मला तेव्हा कळले.