वाळवा तालुक्यातली ऊस रोपवाटिका : रोपं चोख, वाण मात्र एकच

आडसालीसाठी, म्हणजे जुलै-ऑगस्टातल्या लागणीसाठी, इस्लामपूरजवळच्या एका रोपवाटिकेतून ८६०३२ या उसाच्या वाणाची ४,४०० रोपं आणली. पाच फुटी सरी, दोन फुटांवर रोप, एक एकर. पाचपैकी चार गुण देते.

रोप ट्रेमधून उपसलं की कोकोपीटचा गड्डा न फुटता अख्खा बाहेर येतो. भोवती पांढऱ्या मुळ्यांची जाळी, टिपरीला आंबूस वास नाही. नांग्या, म्हणजे रोप मेलेल्या जागा, भरायला जेमतेम दोन ट्रे लागले. गेल्या खेपेला दुसरीकडून बेणं आणलं होतं, त्यात गवताळ वाढीच्या रोगाची बेटं निघाली. उपटून जाळताना जीव तुटला. बेण्यातला रोग कांडीवरच्या डोळ्यातून, जिथून कोंब फुटतो तिथून, पुढं येतोच, म्हणून इथं आधी तेच विचारलं. रोपवाटिकेच्या दादांनी सरळ बेणेमळ्यात नेलं आणि रोग जावा म्हणून उष्ण हवेची प्रक्रिया केलेल्या बेण्याचा प्लॉट दाखवला.

दहावीतली लेक सोबत होती. तिनं विचारलं, "डोळ्यापासून ऊस येतोय, मग त्याला तुरा कशाला?"

दादा म्हणाले, "बाळा, या ट्रेमधली सगळी रोपं म्हणजे एकच ऊस. पण तो पहिला ऊस तुऱ्यातल्या बियापासूनच झाला."

खरं आहे. ८६०३२ हा कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत ६२१९८ आणि ६७१ या वाणांच्या संकरातून आलेला. ६७१ चा गोडवा आमच्या सासऱ्यांच्या अजून तोंडात आहे. संकरात आईबापाचे गुण पिसले जातात, प्रत्येक बी वेगळं निघतं, आणि बरीचशी रोपं टाकूनच द्यावी लागतात. डोळ्यापासून चांगला ऊस जसाच्या तसा मिळतो. पण रोगानं त्याला एकदा गाठलं की शिवारात तग धरणारं वेगळं बेट उरत नाही. उत्तर प्रदेशात ०२३८ या वाणावर लाल कूज हा रोग आला तेव्हा हेच झालं.

लेकीला मी लोकरी मावा या किडीचंही सांगितलं. २००२ साली आपल्याच जिल्ह्यात तो उसावर आला. त्याची मादी नराशिवाय पिल्लं देते, त्यामुळं बघता बघता पानांची पाठ पांढरी व्हायची. नर-मादीच्या पद्धतीत निम्मी पिल्लं नर होतात, त्यांना पिल्लं होत नाहीत, म्हणजे वाढीचा वेग तिथंच निम्मा. एवढा तोटा सोसूनही बहुतेक झाडं-प्राणी तीच वाट धरतात, आणि याचं एक मोठं कारण असं मानतात की रोगजंतू सतत बदलत असतात. पिल्लं एकमेकांसारखी नसली तर एका रोगात सगळी जात नाहीत.

म्हणूनच एक गुण कापला. एवढी चांगली रोपवाटिका, आणि वाण एकच! मला अर्ध्या रानात २६५ हा वाण लावायचा होता, तो नव्हता. सगळ्या गावाचं रान एकाच उसानं भरलेलं बघून मला काळजी वाटते. पूर्वहंगामीला, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या लागणीला, दुसरा वाण ठेवतो म्हणालेत. रोप तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो, तेव्हा कुणाला हवा असेल तर ऑगस्टातच नोंदवा, आणि दोन वाण मागा.