एमएसमध्ये विचारांचा वेग मोजून घेतला: न्यूरोसायकॉलॉजी विभागाचा अनुभव

मी गणित शिकवते आणि मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचं वेष्टण खराब करणारा आजार. पाय नीट चालतात, त्यामुळे तपासणीला गेले की चार पावलं चालून दाखवायची, गुडघ्यावर हातोडी, आणि ‘स्थिर आहे’ असा शेरा. वर्गात मात्र काही स्थिर नव्हतं. दोन मुलींनी लागोपाठ शंका विचारल्या की पहिलीला उत्तर देईपर्यंत दुसरीची शंका निसटून जायची. उदाहरण सुटायचं, पण पुढची पायरी सुचायला वेळ लागायचा. हे सांगितल्यावर एका डॉक्टरांनी ‘एमआरआयमध्ये नवीन डाग नाही, ताण असेल’ म्हणून विषय संपवला. दुसऱ्यांनी न्यूरोसायकॉलॉजी विभागाकडे चिठ्ठी दिली; तिथे स्मरण, लक्ष, विचारांचा वेग अशी मेंदूची कामं तपासतात. हा अभिप्राय त्या विभागाबद्दल आहे.

सगळ्यात आवडलं ते हे की चाचणीआधी त्यांनी भरपूर विचारलं. झोप कशी आहे, मन उदास असतं का, थकवा दिवसाच्या कुठल्या वेळी येतो, लघवीच्या त्रासावर कुठलं औषध चालू आहे (यातली काही औषधं स्मरणशक्ती मंदावतात, हे मला तिथेच कळलं). नजरही तपासली, कारण ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेची सूज) होऊन गेलेल्या माणसाला चाचणीतली चिन्हं नीट दिसलीच नाहीत तर गुण मेंदूचे नव्हे, डोळ्याचे कमी होतात.

मुख्य चाचणी दिसायला अगदी साधी. कागदाच्या वर नऊ चिन्हं आणि त्यांचे १ ते ९ अंक. खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी. ९० सेकंदांत जमतील तेवढे अंक तोंडाने सांगायचे. लिहायचे नाहीत, म्हणजे हात थरथरत असला तरी निकाल बिघडत नाही. मग १६ शब्दांची यादी पाच वेळा ऐकून दर वेळी आठवेल तेवढी सांगायची, आणि सहा आकृत्या १० सेकंद बघून कागदावर काढायच्या, हे तीनदा. हा संच जगभर ‘बायकॅम्स’ नावाने वापरतात. पाऊण तास धरून गेले होते, तो पंधरा-वीस मिनिटांत आटोपला.

माझे शब्द आणि आकृत्या वयाच्या मानाने ठीक आल्या. चिन्हांच्या चाचणीत घसरण स्पष्ट होती. तो आकडा ऐकून मला रडू आलं, आणि ते सुटकेचं रडू होतं. चाचणी घेणाऱ्या बाईंनी घाई केली नाही. चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण गेलं की संदेश रेंगाळतो. एमएसमध्ये बहुतेकदा आधी मार बसतो तो या वेगाला, आणि जवळपास ४० ते ६५ टक्के रुग्णांना आकलनाचा काही ना काही त्रास होतो, हे त्यांनी चित्र काढून समजावलं. नेहमीच्या एमआरआयवर मेंदूच्या बाह्य थरातले डाग फारसे दिसत नाहीत. थॅलॅमस (मेंदूच्या आतलं, संदेश पुढे पाठवणारं केंद्र) आक्रसत असला तरी साध्या अहवालात त्याची ओळ सहसा नसते. म्हणून ‘नवीन डाग नाही’ हे वाक्य खरं असूनही माझी तक्रार खरी असू शकते. १८६८ साली हा आजार वेगळा ओळखणाऱ्या जाँ-मार्तँ शार्को यांनीही रुग्णांच्या क्षीण स्मृतीची आणि मंद विचारांची नोंद केली होती. तरीही आज अनेक ठिकाणी हे कुणी विचारतच नाही, याचा मला राग येतो.

खटकलं ते सांगते. शब्दांची यादी इंग्रजीत होती. मी निभावलं, पण ज्याचा रोजचा विचार दुसऱ्या भाषेत चालतो त्याच्या अशाने स्मरणशक्तीची नाही, भाषेची परीक्षा होते. या संचाच्या स्थानिक आवृत्त्या प्रमाणित करण्याची पद्धत उपलब्ध आहे. विभागाने ती वापरावी.

दुसरं म्हणजे संगणकावरचे सराव-खेळ. खेळात गुण वाढले, ते खरं आहे. वर्गातल्या गोंधळात त्याचा उपयोग मला जाणवला नाही. त्यापेक्षा त्याच विभागातल्या समुपदेशकांनी सांगितलेल्या गोष्टी कामी आल्या: लक्षात ठेवायचं ते चित्रासारखं डोळ्यांसमोर आणून छोट्या गोष्टीत गुंफायचं, अवघड तास सकाळी घ्यायचे, आणि एका वेळी एकच शंका. आता मुली शंका फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात. पैसे किंवा वेळ यांतलं एकच परवडत असेल तर खेळ सोडा, समुपदेशन घ्या.

आजाराचं निदान नुकतंच झालं असेल तर तक्रार नसतानाही ही चाचणी करून घ्या. सुरुवातीचा आकडा हातात नसेल तर पुढची घट कशाशी ताडणार? चिन्हांच्या चाचणीत ४ गुणांची घसरणही दखल घेण्याजोगी मानतात. वर्षाने पुन्हा जाल तेव्हा चिन्हांचा दुसरा नमुना मागा, नाहीतर आधीचा सराव गुण वाढवतो. मला तो न मागता दिला. निकालाच्या कागदाची एक प्रत न्यूरॉलॉजिस्टच्या फाइलला लावायला सांगा. माझ्या वेळी ती विभागानेच पाठवली, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी हातोडीच्या आधी तो कागद काढला.