८ च्या पोटात ७: राजवाड्यामागच्या नाण्यांच्या दुकानाबद्दल

अखेर मिळाला! १८१८ चा अमेरिकन हाफ डॉलर, चांदीचा, आणि तोही कुठल्या परदेशी लिलावातून नाही तर आपल्या इंदूरमध्ये, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर जे नाण्यांचं छोटं दुकान आहे तिथून. दुकानाचं नाव टाकत नाही कारण दुकानदार काकांनीच नको म्हटलं, एकटे बसतात, गर्दी झेपत नाही त्यांना. इंदूरचे नाणीवाले ओळखतीलच.

१८१८च का, हे सगळे विचारतात. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्याच साली राजधानी इंदूरला आली. आमच्या घरी हे साल लहानपणापासून कानावर पडलेलं, आजोबा राजवाड्यासमोरून जाताना दर वेळी सांगायचे. त्याच वर्षी तिकडे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत माणसं हाताने स्क्रू प्रेस फिरवून हे हाफ डॉलर पाडत होती, वाफेवरची प्रेस तिथे १८३६ मध्ये आली. आणि दुसरं म्हणजे मी बँकेत कॅशला २२ वर्षं काढली. चांदीचा पूर्ण डॉलर पाडणं अमेरिकेने १८०४ मध्ये थांबवलं होतं, मग हा अर्धाच त्यांचं सगळ्यात मोठं चांदीचं नाणं, बँका पोत्यांनी तिजोरीत ठेवायच्या आणि पोतं या बँकेतून त्या बँकेत जायचं. म्हणून तर आजही चांगल्या हालतमध्ये मिळतात. हे वाचलं तेव्हापासून मनात होतं की एक तरी आपल्याकडे हवा.

याआधी एकदा फसलेय. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने १८१८ चा म्हणून दिला, ४,००० रुपये घेतले, मी हरखून घरी आणला आणि रात्री कड बघितली तर सगळीकडे उभ्या खाचा. या नाण्याच्या कडेवर अक्षरं पाहिजेत, फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर अशी, खाचा १८३६ मध्ये आल्या. वजन भरलं सव्वादहा ग्रॅम, पाहिजे १३.४८. दोन दिवस जेवण गेलं नाही मला.

त्यामुळे काकांकडे गेले तेव्हा पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की मी खात्री केल्याशिवाय पैसे देणार नाही, त्यांना राग आला नाही, म्हणाले ताई, असंच घ्यायचं असतं. मग जवळजवळ दोन वर्षं गेली. मध्ये एकदा १८२६ चा आला, एकदा १८३४ चा, दोन्ही सुंदर होते, पण काकांनी एकदाही गळ घातली नाही की हाच घ्या. नोव्हेंबरमध्ये फोन आला, तुमचा आलाय, या.

गेले. काकांनी टेबलावर हिरवं फडकं पसरलं, नाणं ठेवलं, भिंग हातात दिलं आणि म्हणाले, आधी आठ बघा नीट. शेवटचा आठ. मी बघितलं तर आठच्या वरच्या गोलात एक सरळ रेघ डोकावतेय आणि खाली तिरकी दांडी उतरतेय. सात! नाणं पाडायचा १८१७ चा ठसा उरला होता, फेकायचा कशाला म्हणून त्याच्यावरच आठ ठोकला आणि पुढच्या वर्षी वापरला, याला ओव्हरडेट म्हणतात, आणि १८१८ च्या या नाण्यात तो प्रकार आहे हे मला माहीत होतं पण माझ्या नशिबी येईल असं वाटलं नव्हतं. महिदपूरचं साल खाली आणि मंदसौरचं वर, एकाच आकड्यात. मी काकांना हे बोलून दाखवलं तर तेही भिंग घेऊन परत बघत बसले, गिऱ्हाईक खोळंबलं होतं तरी.

पैसे न घेता त्यांनी नाणं माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, सराफ्यात जाऊन तोलून आणा. आमच्या नेहमीच्या सराफाने तोललं, १३.३२ ग्रॅम, दोनशे वर्षांच्या घासणीला एवढं कमी होणारच. मग दोऱ्याने बांधून काट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात लोंबकळवलं, काटा १.२९ ने वाढला, म्हणजे घनता (१३.३२ भागिले १.२९) साधारण १०.३, जी ८९ टक्के चांदी आणि बाकी तांबं असेल तर यायलाच हवी. कडेवरची अक्षरं दोघांनी फिरवून फिरवून वाचली. सराफ म्हणाला रिठ्यात टाकून चमकवून देतो, मी चटकन ओढूनच घेतलं. तो राखाडी-निळसर रंग दोनशे वर्षांत चढलाय, तो गेला तर काय उरलं. तोवर दुकानं बंद होऊन ओट्यांवर गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढया लागायला लागल्या होत्या, मी तशीच गर्दीतून पर्स छातीशी धरून परत काकांकडे.

२१,००० दिले. पक्कं बिल मिळालं, त्यावर साल, वजन, ओव्हरडेट सगळं लिहिलेलं, आणि खोटं निघालं तर पूर्ण पैसे परत हेही हाताने लिहून सही. हे इथे कोणी करत नाही, निदान मला तरी भेटलं नाही.

तक्रार एकच, पण महत्त्वाची. नाणं मऊ पीव्हीसीच्या पाकिटात होतं. अशा प्लास्टिकमधून चांदीवर हळूहळू हिरवट चिकट थर चढतो, आणि त्यांच्या ट्रेमध्ये बरीच नाणी अजून तशीच आहेत. मी बोलले तेव्हा माझं लगेच मायलरच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिलं, पण काकांनी बाकीचीही बदलायला हवीत. व्हॉट्सॲपवर उत्तर येत नाही, सरळ फोन करा. रविवारी बंद. जिना उंच आहे, गुडघे दुखत असतील तर खालून हाक मारा, ते स्वतः ट्रे घेऊन खाली येतात.

मी पुढचं सांगून आलेय, मल्हारनगर म्हणजे इंदूरच्याच टांकसाळीचा होळकरांचा सूर्यमुखी (सूर्याचा चेहरा असलेला) रुपया, हिजरी १२३३ स्पष्ट वाचता येईल असा. महिदपूर आणि मंदसौर दोन्ही त्याच हिजरी वर्षात पडतात. काकांनी वहीत लिहून घेतलंय.