कर्करोग आणि माशांच्या यकृताचे तेल: कॉड की शार्क?

कॉडच्या आणि शार्कच्या यकृताच्या तेलांची रासायनिक घडण इतकी वेगळी आहे की, कर्करोगावर गुणकारी असल्याचा एकाविषयीचा दावा दुसऱ्याला लावता येत नाही. कॉडच्या तेलात ईपीए व डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले आणि त्यांच्या जोडीला अ व ड ही जीवनसत्त्वे असतात, तर शार्कच्या तेलाची ख्याती अल्किलग्लिसरॉल आणि स्क्वॅलीन या दोन मेदसदृश घटकांवर उभी आहे.

कर्करोगाशी थेट संबंध जोडणारा इतिहास शार्कच्या तेलाचा अधिक जुना आहे. स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड ब्रोहुल्ट यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना वासरांची अस्थिमज्जा देऊन पाहिली. त्यातील क्रियाशील घटक अल्किलग्लिसरॉल असावेत, असे पुढे मांडले गेले. हेच घटक शार्कच्या यकृतात विपुल असल्यामुळे ते किरणोपचार घेणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिले गेले आणि किरणांमुळे होणारी इजा कमी झाल्याची नोंद झाली. मात्र आजच्या निकषांवर उतरणाऱ्या मोठ्या चाचणीचे पाठबळ या निष्कर्षांना नाही. स्क्वॅलीनचे अनुकूल परिणाम मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहेत आणि ते ऑलिव्ह तेलातही असते, त्यामुळे केवळ त्यासाठी संथ गतीने वाढणाऱ्या खोल समुद्रातील शार्कचा बळी देण्याचे समर्थन मला तरी पटत नाही.

कॉडच्या तेलातील घटकांची परीक्षा तुलनेने कसून झाली आहे. 'व्हायटल' या अमेरिकी चाचणीत २५,८७१ व्यक्तींचा सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करण्यात आला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोज १ ग्रॅम ओमेगा-३ किंवा २,००० एकक (आययू) ड जीवनसत्त्व घेऊनही कर्करोग होण्याचे प्रमाण घटले नाही. म्हणजे प्रतिबंधासाठी ते घेण्याला आधार उरत नाही.

उपचारांदरम्यान वजन झपाट्याने घटत असेल, तर प्रश्न वेगळा होतो. तेथे भूक आणि वजन टिकवण्यासाठी ओमेगा-३ चा विचार होतो व ईपीएची मात्रा बहुधा दिवसाला २ ग्रॅमच्या आसपास धरली जाते. कॉडच्या यकृताच्या साध्या तेलातून ती गाठायची, तर सुमारे सहा ते सात छोटे चमचे लागतात आणि प्रत्येक चमच्यात साधारण ४,५०० एकक अ जीवनसत्त्व असल्याने एकूण मात्रा २७,००० च्या वर जाते. प्रौढांसाठीची कमाल मर्यादा दिवसाला १०,००० एकक आहे. धूम्रपान करणाऱ्यांनी तर ही बेरीज दोनदा तपासावी, कारण मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या 'कॅरेट' चाचणीत बीटा-कॅरोटिनसोबत २५,००० एकक अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे आढळून ती १९९६ मध्ये थांबवावी लागली. म्हणून वजनासाठी ओमेगा-३ हवेच असेल, तर यकृताऐवजी माशाच्या मांसल भागातून काढलेले, अ जीवनसत्त्व नसलेले तेल अधिक योग्य ठरते.

सिस्प्लॅटिनसारखी प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी चालू असल्यास मात्र हेही तेल स्वतःहून सुरू करू नये. नेदरलँड्समधील संशोधकांना माशाच्या तेलातील एका विशिष्ट मेदाम्लामुळे उंदरांमध्ये या औषधांचा प्रभाव घटलेला दिसला आणि निरोगी स्वयंसेवकांनी तेल घेतल्यावर त्यांच्या रक्तातही त्या मेदाम्लाची पातळी वाढली. रुग्णांवर तसाच परिणाम होतो, हे सिद्ध झालेले नाही. तरीही केमोथेरपीच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत असे तेल टाळण्याची सूचना तेथे दिली गेली, आणि आपण कोणते तेल किती घेतो हे कर्करोगतज्ज्ञाला पहिल्या मात्रेपूर्वीच सांगणे त्यासाठी आवश्यक आहे.