आमच्या कॉलेजातलं वेंडिंग मशीन, दोन सेमिस्टर वापरून झाल्यावर

मी पेडण्याहून येते. सकाळची कदंब, म्हणजे गोव्याची सरकारी बस, धरायची तर साडेसहाला घर सोडावं लागतं, कधीकधी तेव्हा पाव विकणारा पोदेरसुद्धा आलेला नसतो, मग चहा घ्यायचा आणि पळायचं. पहिलं लेक्चर साडेआठला, कॅन्टीन उघडतं नऊला, आणि प्रॅक्टिकल असलं की पाच वाजेपर्यंत लॅबमध्ये, पण कॅन्टीन तीनलाच बंद. म्हणजे खरी भूक लागते तेव्हा कुठेच काही नाही. जूनमध्ये जिन्याखाली हे मशीन बसवलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता आणि अजूनही ते हवंच आहे. बाहेर धो धो पाऊस असताना गेटपलीकडच्या गाड्यावर जाऊन मिर्ची-पाव आणायचा म्हणजे पुस्तकांसकट भिजायचं, त्यापेक्षा जिन्याखाली गार ताक मिळतं हे केवढं बरं.

पण आत काय भरलंय ते बघा. 36 रांगा मी स्वतः मोजल्या, 22 मध्ये वेफर्स आणि कोल्ड्रिंक. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2016 मध्येच कॅम्पसवर जंक फूड नको असं कळवलं होतं, 2018 मध्ये परत आठवण केली, ते एक सोडा, माझी तक्रार साधी आहे, वीस रुपयांच्या वेफर्सनी अर्धा तास पण पोट धरत नाही. बसने येणाऱ्या पोरांना पोटभरीचं आणि स्वस्त हवं, म्हणजे शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, भाजलेले चणे, पाचवाला पार्ले-जी. पातळ भाजी मशीनमध्ये ठेवता येणार नाही हे कळतं, पण केळ्याचे बन्स नीट पॅक करून सकाळी ठेवले तर दुपारपर्यंत आरामात राहतात, आमच्या घरी तर दुसऱ्या दिवशीही खातो. आणि कोकम सरबताची एक रांग का नाही, गोव्यात असून?

आता पैशांचं. स्क्रीनवर क्यूआर येतो, यूपीआय केलं की स्प्रिंग फिरते आणि पाकीट खाली पडतं. पडलं तर. फुगलेलं पाकीट स्प्रिंगला अडकून काचेला टेकून राहतं आणि आपण काच थोपटत उभे. माझे असे तीनदा गेले, एकूण 65 रुपये, त्यातले 20 परत आले. हे नीट समजून घ्या, बँकेकडे तक्रार करून इथे फारसा उपयोग होत नाही, कारण रिझर्व्ह बँकेचा तो पाच दिवसांत आपोआप पैसे परतचा नियम आहे तो व्यवहार अडकला तर, इथे पैसे मशीनवाल्याला व्यवस्थित पोचलेले असतात, वस्तूच पडलेली नसते, त्यामुळे परत त्यानेच द्यायचे. चांगल्या मशीनमध्ये खाली सेन्सर असतो, काही पडलं नाही हे त्याला कळतं आणि स्प्रिंग परत फिरते किंवा पैसे परत जातात. आमच्यात तो नाही किंवा चालत नाही, आणि वर चिकटवलेल्या नंबरवर दुपारनंतर कोणी फोन उचलत नाही. पावसात लाईट गेली की मशीनही बंद, ते इन्व्हर्टरला जोडा एवढं तरी करा.

सगळ्यात महत्त्वाचं आता लिहिते. मुलींच्या टॉयलेटबाहेर पॅडचं छोटं मशीन आहे, त्याला पाच रुपयांचं नाणंच लागतं. आता नाणी कोण बाळगतं? सगळं फोनवर. माझी मैत्रीण परीक्षेच्या दिवशी तीन वर्गांत नाणं मागत फिरली, रडवेली झाली होती, शेवटी शिपाईकाकींनी दिलं. ज्या मशीनवर क्यूआर आहे त्यात वेफर्स, आणि ज्याची गरज थांबू शकत नाही त्याला नाणं, हे उलटं आहे. मोठ्या मशीनमध्ये पॅडच्या दोन रांगा ठेवा, आत्ताच्या आत्ता होण्यासारखं काम आहे, नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

तशीच एक रांग स्टेशनरीची. निळं पेन, ग्राफ पेपर, पेन्सिल, खोडरबर, कॅल्क्युलेटरचा सेल. झेरॉक्सवाले दादा साडेनऊला येतात आणि जर्नल सबमिशन असतं साडेआठला, दर वेळी पाच-सहा जण ग्राफ पेपर मागत फिरतात, मी पण फिरलेय.

वेळेला पाचपैकी पाच, मालाला दोन, पैशांच्या बाबतीत एक. मशीन भरणारे दादा मंगळवारी अकराच्या सुमारास येतात, बोलायला चांगले आहेत, मी सांगितल्यावर चिक्कीची एक रांग त्यांनी लावली आणि ती बुधवारी संध्याकाळपर्यंत रिकामी झाली होती. पॅडचं मात्र ऑफिसातून लेखी पाहिजे म्हणाले, अर्ज मी लिहिलाय, आमच्या वर्गातल्या 41 जणांच्या सह्या झाल्यात, बाकीच्या वर्गांनी जिन्याखाली येऊन करा, गुरुवारी देणार आहे.