बुटका आयरिस: दुसऱ्या वर्षी काय उरतं

इंग्लंडमध्ये जानेवारीच्या शेवटी बागेकडे बघवत नाही. गवताचा चिखल, गुलाबाच्या नुसत्या काड्या आणि पाच वाजायच्या आत अंधार. तेव्हा रंग हवा म्हणून बुटक्या आयरिसचे कंद लावले. आता दुसरा मोसम उलटल्यावर लिहितेय, कारण पहिल्या वर्षी हे कंद कुणाकडेही फुलतात. विकत आणलेल्या कंदात फूल आधीच घडलेलं असतं, आपण फक्त थंडी आणि ओल पुरवायची. खरी परीक्षा पुढच्या वर्षी.

कंद अगदी लहान, वर जाळीदार तपकिरी साल. सप्टेंबरअखेर उथळ कुंड्यांमध्ये सुमारे दहा सेंटीमीटर खोल लावले. तयार मातीत एक तृतीयांश बारीक खडी मिसळली, कारण पाणी साचलं की कंद कुजलाच म्हणून समजा. कुंडीत ते दाटीने लावले तरी चालतात, विरळ लावले तर उलट भकास दिसतात. मग अख्खा हिवाळा कुंड्या बाहेरच. बर्फ पडला म्हणून आत आणायची गरज नाही, दोन-तीन महिन्यांची कडक थंडी मिळाल्याशिवाय फूल धड वर येत नाही.

फेब्रुवारीत कोंब दिसले आणि पानं पुरती वाढायच्या आत कळ्या आल्या. उंची जेमतेम वीतभर. 'जॉर्ज' हा वाण गडद जांभळा, 'हार्मनी' निळा. खाली झुकलेल्या तिन्ही पाकळ्यांवर मधोमध पिवळी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्यावर गडद ठिपके. हे उभ्याने दिसत नाही, म्हणून कुंडी जमिनीवर न ठेवता खिडकीच्या कठड्यावर किंवा बाकावर ठेवा. वासही तसाच, नाक जवळ नेल्याशिवाय कळत नाही, पण नेलं तर व्हायोलेटचा मंद वास येतो. फुटायला आलेल्या कळीची कुंडी स्वयंपाकघरात आणली तर चहा होईपर्यंत पाकळ्या सुटायला लागतात. मात्र घरातल्या उबेत फूल दोन-तीन दिवसांत मान टाकतं, बाहेरच्या गारठ्यात आठवडाभर टिकतं. आता आम्ही एखादी संध्याकाळ आत आणून परत बाहेर ठेवतो.

फुलं गेल्यावर पानं वाढतच राहतात, फूटभर किंवा त्याहून जास्त, आणि चहूकडे लोळतात. बोटांत धरून फिरवलंत तर चार कडा स्पष्ट लागतात, पान चक्क चौकोनी असतं. दिसायला गबाळं, पण कापायचं नाही. पुढच्या वर्षीचा कंद त्याच पानांवर पोसला जातो. मे महिन्यात ती पिवळी पडेपर्यंत मी टोमॅटोचं पोटॅशवालं खत पाण्यातून देत राहिले.

आता दुसरं वर्ष. पिवळा 'डॅनफोर्डिए' जवळजवळ शून्य. पहिल्या वर्षी सगळ्यांत आधी तोच फुलला होता. उकरून पाहिलं तर मूळ कंदाच्या जागी तांदळाएवढी बारीक पिल्लं. त्यांना फुलायच्या वयाला यायला काही वर्षं लागतात. पंधरा सेंटीमीटर खोल लावला तर त्याच्या कंदाची अशी पिल्लं कमी होतात म्हणतात, पण तेवढी खोल कुंडी त्या चिमुकल्या फुलासाठी अडकवायची माझी तयारी नाही. 'जॉर्ज' आणि 'हार्मनी' निम्म्याहून कमी आले, बाकीच्यांची नुसती पानं.

यात कंदांचा दोष कमी आणि इथल्या उन्हाळ्याचा जास्त. या बुटक्या आयरिसांची मुख्य जात, आयरिस रेटिक्युलाटा, मूळची पूर्व तुर्कस्तान, कॉकेशस, इराण, इराक या भागातल्या डोंगरांतली. तिथे उन्हाळाभर जमीन कोरडी ठणठणीत आणि कंद तापलेला. इंग्लंडच्या जुलैत पाऊस कधीही. पानं वाळल्यावर मी ज्या कुंड्या छपराखाली सरकवल्या, त्यांत कंद बरे राहिले. उघड्यावरच्या कुंडीतले काही मऊ पडले, काहींवर काळे डाग होते. शाईसारखा डाग पडणारा एक बुरशीचा रोग या जातीला होतो. असा कंद सरळ कचऱ्यात टाकावा, कंपोस्टच्या ढिगात नाही.

'कॅथरीन हॉजकिन' मात्र वेगळीच निघाली. फिकट निळ्या पाकळ्यांवर गडद शिरा आणि मध्ये पिवळसर झाक. आजारी रंग आहे असं नवऱ्याचं मत, मला तोच आवडतो. दुसऱ्या वर्षी तिची फुलं वाढली, तीही जमिनीत आणि कसलाही आडोसा नसताना. ई. बी. अँडरसन या ब्रिटिश बागकामतज्ज्ञांनी केलेला हा संकर. त्यातला एक पालक, आयरिस विनोग्राडोवी, जॉर्जियातल्या डोंगरी कुरणांतला आहे, त्याला उन्हाळ्यातली ओल चालते. तो गुण हिच्यात उतरलाय. पाकीट बाकीच्यांपेक्षा थोडं महाग पडतं, पण दरवर्षी घ्यावं लागत नाही.

खरेदीबद्दल थोडंसं. 'मिश्र रंग' लिहिलेलं एक पाकीट घेतलं होतं, त्यातून सगळी एकाच छटेची निळी फुलं आली. तक्रारीला उत्तर म्हणून पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन मिळालं. तेव्हापासून नाव लिहिलेलीच पाकिटं घेते, आणि कंद दाबून बघते, घट्ट हवेत. जानेवारीत दुकानात कळ्यांसकट तयार कुंड्या मिळतात, पण त्यातल्या चार-पाच रोपांच्या पैशात शरदात अख्खं पाकीट येतं. गोगलगायी कळ्या कुरतडतात, त्यावर रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच माझा उपाय. आणि हे कंद विषारी असतात, दिसतात लसणासारखे, त्यामुळे कांद्या-लसणाच्या टोपलीजवळ चुकूनही ठेवू नका.

फोटो पाहून नाशिकची मामेबहीण म्हणाली, "ताई, येताना चार कंद आण ना." भारतात कंद न्यायचे तर आयातीचा परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, बॅगेत टाकून नेता येत नाहीत. शिवाय नाशिकची थंडी त्यांना पुरणार नाही, आणि उन्हाळ्यात कोरडं राहायला हवं त्या वेळी तिकडे पावसाळा. तिला निशिगंधच लाव म्हटलं. माझी यंदाची यादी अशी: 'कॅथरीन हॉजकिन' आणखी एक पाकीट, सफरचंदाच्या झाडाखाली. 'जॉर्ज' दर शरदात नवा, एकाच मोसमाचा धरून. 'डॅनफोर्डिए' नाही.